आम्ही, तुम्ही, आपण

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. तिथे येणारा प्रत्येक माणूस सिंहगडाची गोष्ट मनात घेऊनच येतो, आणि त्या गोष्टीतला सगळ्यांना पाठ असलेला प्रसंग तानाजी पडल्यानंतरचा आहे. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. सुभेदार पडले, मावळ्यांचा धीर सुटला, माणसं दोरांकडे धावली. त्यांचे भाऊ सूर्याजी यांनी दोर कापून टाकले. परतीची वाट उरली नाही तशी माणसं मागे वळली, लढली आणि गड घेतला, असं परंपरा सांगते.

नेतृत्वावरच्या व्याख्यानांत हा प्रसंग हमखास येतो. ‘परतीचे दोर कापा’ म्हटलं की टाळ्याही पडतात. पण त्याच रात्रीचा, तासाभरापूर्वीचा एक प्रसंग सहसा कुणी सांगत नाही. हीच माणसं अंधारात, बिनबोभाट, गडाचा कडा चढून वर आली होती. तेव्हा कुणी दोर कापलेले नव्हते. मनात आणलं असतं तर कुणीही खाली उतरून जाऊ शकलं असतं. ती चढली, कारण पुढे सुभेदार होते.

एकाच रात्री, त्याच माणसांकडून दोन तऱ्हांनी काम करून घेतलं गेलं. रुग्णालयातल्या परिचारिकांचं नेतृत्व समजून घ्यायला ही जोडी उपयोगाची आहे. कारण वॉर्डातली लढाई एका रात्रीत संपत नाही. उद्या पुन्हा सकाळची ड्युटी असते, परवा नाइट असते, आणि दोर कापून आणलेली माणसं पहिली संधी मिळताच बदलीचा अर्ज टाकतात.

सरकारी कागदावर परिचारिकांची उतरंड ठरलेली आहे. अधिपरिचारिका, तिच्यावर परिसेविका, मग सहायक अधिसेविका आणि सगळ्यांच्या वर अधिसेविका. वॉर्डात हे शब्द कुणाच्या तोंडी नसतात. तिथे स्टाफ, इनचार्ज आणि मेट्रन. बाकी सगळी नाती घरातली: परिचारिका सिस्टर, पुरुष परिचारक ब्रदर, सफाई आणि शुश्रूषेला मदत करणाऱ्या बायका मावशी, स्ट्रेचर ढकलणारे मामा. इतकी नाती एका छताखाली असलेली दुसरी सरकारी कचेरी सापडायची नाही. मात्र हाका घरातल्या असल्या म्हणून घरपण आलंच असं नाही. ते आहे की नाही हे ओळखायची एक साधी खूण मराठी व्याकरणात दडलेली आहे.

इंग्रजीत ‘वी’ एकच, हिंदीत ‘हम’ एकच. मराठीत मात्र दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. गुजरातीत, तमिळ-तेलुगूतही हा भेद आहे. एखाद्या वॉर्डात सकाळी अर्धा तास उभं राहिलं तर तिथली इनचार्ज कोणता शब्द वापरते ते कानावर पडतं. ‘आम्ही सांगितलं होतं, तुम्ही केलं नाही’ हा एक वॉर्ड. ‘आपल्याकडून राहिलं, आता काय करू या’ हा दुसरा. कर्मचाऱ्यांना आपण या चमूतले आहोत असं वाटणं, ज्याला संशोधक आपलेपणाची भावना म्हणतात, ती या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत घडते किंवा मोडते.

रॉय बाउमाइस्टर आणि मार्क लीअरी या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली एक गाजलेला निबंध लिहिला. कुणाचं तरी असण्याची गरज ही माणसाची मूलभूत प्रेरणा आहे, असं त्यांचं प्रतिपादन होतं. ती भागली नाही तर मन आणि शरीर दोन्ही कुरकुरतात. हे ऐकायला गोड वाटतं, आणि म्हणूनच रुग्णालयाच्या कारभारात ते शेवटच्या पानावर ढकललं जातं. आधी औषधं, यंत्रं, रिक्त पदं. मग वेळ उरला तर आपलेपणा. ही क्रमवारी चुकीची का आहे ते महाड-पोलादपूरचा विंचू चांगलं सांगतो.

डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू तेव्हा माणसं मारत होता. दंश झालेला माणूस घामाने निथळायचा, ओकायचा, त्याचे हातपाय बर्फासारखे गार पडायचे आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरून तोंडाला फेस यायचा. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. त्या १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या विषाच्या परिणामांवर चालतं, हे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी दाखवलं. तो लेख १९८६ चा. तीस-चाळीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर एक टक्क्याच्या आसपास आला. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली.

आता हा उपचार प्रत्यक्ष कसा होतो ते पाहा. गोळी स्वस्त आहे, तोंडाने द्यायची आहे. पण ती दिली आणि काम संपलं असं होत नाही. दर तीन तासांनी पुन्हा द्यायची, तीही हातपाय ऊबदार होईपर्यंत. रुग्णाला आडवंच ठेवायचं, कारण उठून बसला तर रक्तदाब एकदम घसरू शकतो. नाडी, दाब, श्वास, घाम, पायांचा गारवा हे सगळं रात्रभर बघत राहायचं. हे बघणारे डोळे आणि हात बहुतेक वेळा परिचारिकेचे असतात.

पहाटे तीनला एखाद्या नव्या सिस्टरला जाणवतं की पोराचे पाय अजून गारच आहेत आणि श्वास वाढलाय. आता डॉक्टरांना उठवायचं की नाही? मागच्या वेळी फोन केला तेव्हा इनचार्ज सगळ्यांसमोर ‘एवढंही कळत नाही?’ म्हणाली असेल, तर ही सिस्टर आणखी अर्धा तास थांबेल. मागच्या वेळी ‘शंका आली की उठवायचं, मी आहे’ असं ऐकलं असेल, तर फोन लगेच जाईल. ज्ञान दोघींकडे सारखंच आहे, गोळीही तीच. मधला अर्धा तास इनचार्जने महिनाभर आधी ठरवून टाकलेला असतो.

हा अंदाज नाही, यावर अभ्यास झालेला आहे. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने १९९० च्या दशकात दोन रुग्णालयांतल्या आठ विभागांमध्ये औषधं देण्यातल्या चुका मोजल्या. चांगला चमू, कमी चुका असं उत्तर येईल ही अपेक्षा होती. आकडे उलटे आले. ज्या विभागांतली माणसं आपल्या चमूविषयी चांगलं बोलत होती, त्यांच्याच नावावर जास्त चुका होत्या. एडमंडसन चक्रावल्या. मग त्यांनी आणखी एका निरीक्षकाला, हे आकडे न दाखवता, विभागांचं वातावरण पाहायला पाठवलं. उलगडा झाला. चांगल्या चमूंत चुका जास्त घडत नव्हत्या, त्या जास्त सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या, आणि झाकलेल्या चुकीतून कुणी काही शिकत नाही. परिचारिकांची प्रमुख चुकीकडे कशी बघते यावर सगळं अवलंबून होतं. १९९६ च्या या निष्कर्षातून पुढे ‘मानसिक सुरक्षितता’ ही कल्पना जगभर पसरली.

नेतृत्वाच्या शैलींची चर्चा अर्थातच याहून जुनी आहे. कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या गटांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुखवटे बनवण्यासारखं काम, आणि तीन तऱ्हांचे म्होरके: हुकूम सोडणारा, विचारून ठरवणारा आणि वाऱ्यावर सोडून देणारा. हुकूमवाला खोलीत असेपर्यंत काम भराभर व्हायचं. तो बाहेर गेला की थंडावायचं. विचारून ठरवणारा बाहेर गेला तरी मुलं काम करत राहायची. वॉर्डाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते हेच बाहेर जाणं. इनचार्ज सहसा दिवसपाळीला असते. रात्रीचा वॉर्ड तिच्याशिवायच चालतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलना हे लेविनच्या ऐंशी वर्षं आधी कळलं होतं. १८५९ च्या त्यांच्या परिचर्येवरच्या पुस्तकात किरकोळ व्यवस्थापनावर एक वेगळं प्रकरण आहे. आपण हजर असताना जे होतं ते आपण नसतानाही व्हावं अशी तजवीज करता येणं, हाच कारभार, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढच्या काळात शैलींना नावं पडत गेली. माणसांना ध्येय दाखवून बदलवणारं नेतृत्व (जेम्स बर्न्स, १९७८), आधी सेवक मग नेता (रॉबर्ट ग्रीनलीफ, १९७०), काम मोजून बक्षीस-शिक्षा देणारं व्यवहारी नेतृत्व. २०१८ साली कॅनडातल्या ग्रेटा कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी परिचर्येतल्या नेतृत्वावरचे १२९ अभ्यास एकत्र तपासले. माणसांशी नातं जोडणाऱ्या शैलींखाली समाधान, टिकून राहणं आणि कामाचं वातावरण सरस दिसलं. नुसत्या कामावर डोळा ठेवणाऱ्या शैलींखाली ते खालावलेलं. त्याच्याही आधी, १९८३ साली, अमेरिकेत परिचारिकांचा तुटवडा असताना काही रुग्णालयांना मात्र परिचारिका सोडून का जात नाहीत याचा शोध घेतला गेला. १६३ रुग्णालयांतून अशी ४१ निघाली. त्यांना ‘चुंबक’ म्हणायला लागले. तिथल्या परिचर्या-प्रमुख वॉर्डात दिसत, ऐकून घेत आणि व्यवस्थापनापुढे आपल्या माणसांची बाजू मांडत.

नावं काहीही असोत, आपल्याकडे या सगळ्या शैली एकाच कागदावर वाचता येतात. तो कागद म्हणजे ड्युटी लिस्ट.

ड्युटी लिस्ट ही वॉर्डाची कुंडली असते. कुणाला लागोपाठ नाइट, कुणाला सणाच्या दिवशी ऑफ, कुणाची सुट्टी दर वेळी ‘बघू’ म्हणून लांबते, ते सगळं तिथे लिहिलेलं असतं. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांनुसार शिकवणाऱ्या रुग्णालयांच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, शिवाय रजांसाठी तीस टक्के जादा माणसं हवीत. हे तीस टक्के फार शहाणपणाचे आहेत. माणसं आजारी पडतात, त्यांची मुलं दहावीला बसतात, गावी गणपती येतो, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. प्रत्यक्षात पदंच रिकामी असतात तेव्हा ही राखीव फळी पहिली गळते, आणि इनचार्जच्या हातात उरते ती तुटपुंजी माणसं आणि एक पेन्सिल.

तानाजींनी आपल्या रायबाचं लग्न लांबणीवर टाकलं आणि कोंढाण्याचा, म्हणजे सिंहगडाचा, विडा उचलला, ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून भारून टाकते. त्यात एक गोष्ट नजरेआड होते. सुभेदारांनी स्वतःच्या घरचं लग्न लांबवलं होतं. मावळ्याच्या घरचं नव्हे. वॉर्डात हे बहुतेक वेळा उलटं घडतं. ‘सेवाभाव’ हा शब्द वरून खाली येतो आणि त्याची किंमत सर्वांत खालचं माणूस भरतं. कोकणातल्या रुग्णालयात गणपतीची रजा हा दर वर्षीचा कसोटीचा क्षण असतो. सगळ्यांनाच घरी जायचं असतं. जी इनचार्ज बंद दाराआड यादी करून ती भिंतीवर डकवते, तिच्या यादीत पक्षपात नसला तरी तो दिसतो. जी महिनाभर आधी सगळ्यांना बसवून, गेल्या वर्षीची यादी समोर ठेवून, ‘या वर्षी आपल्यातलं कोण थांबतंय?’ असं विचारते आणि पहिलं नाव स्वतःचं लिहिते, तिच्या यादीवर कुरकुर होते, पण मनात अढी राहत नाही. माणसं तेवढीच, रजाही तेवढ्याच.

नेतृत्व दिसतं अशी दुसरी जागा ओव्हरची. एका पाळीने दुसरीला वॉर्ड सोपवायचा तो क्षण. इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक संशोधिकेने १९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या परिचर्या-सेवेचा अभ्यास केला. तो १९६० साली प्रसिद्ध झाला. शिकाऊ परिचारिकांपैकी जवळपास एक तृतीयांश शिक्षण पुरं न करताच निघून जात होत्या. मेन्झीसना दिसलं ते असं: दुःख, मरण, किळस यांच्या सतत सान्निध्यातून येणारी भीती थोपवायला त्या व्यवस्थेने काम तुकड्यातुकड्यांत वाटलं होतं. एकीने सगळ्यांचे ताप घ्यायचे, दुसरीने सगळ्यांची भांडी. रुग्ण नावाने नव्हे, खाट क्रमांक आणि बिघडलेल्या अवयवाने ओळखायचा. मुलींना ऐनवेळी या वॉर्डातून त्या वॉर्डात हलवायचं, म्हणजे कुणाशी जीव जडायला नको. भीती यातून कमी झाली नाही. कामातला आनंद मात्र गेला, आणि ज्यांना रुग्णांची खरी कळकळ होती त्याच आधी निघून गेल्या.

आपल्याकडच्या वॉर्डात ‘सात नंबर हर्निया’ म्हणताना कुणाला मेन्झीस ठाऊक नसतात. इनचार्जने मात्र ओव्हर घेताना ‘सात नंबर’च्या जागी रुग्णाचं नाव घ्यायची सवय लावली, आणि रुग्णाबरोबर ‘रात्री तुझं जेवण झालं का?’ हेही सिस्टरला विचारलं, तर मेन्झीसनी वर्णन केलेली भिंत थोडी खचते.

आपलेपणाचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईत घडलं, आणि ते सुखाचं नाही.

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. मेंदूला इजा झाली आणि ती पुन्हा कधी उठली नाही. परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला. पुढची साडेएक्केचाळीस वर्षं, १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने तिचा अंत होईपर्यंत, चार नंबर वॉर्डालगतच्या खोलीत तिला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे तिथल्या परिचारिका करत राहिल्या. १९८० च्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी तिला दुसरीकडे हलवायचे प्रयत्न महापालिकेकडून दोनदा झाले. दोन्ही वेळा परिचारिका उभ्या राहिल्या आणि बेत मागे घ्यावा लागला. दयामरणाच्या याचिकेवर ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा तिची खरी जवळची माणसं म्हणजे केईएमचे कर्मचारी, असं न्यायालयाने मानलं. इतक्या वर्षांत तिला एकही शय्याव्रण झाला नाही याची नोंद निकालात आहे.

हिशोब करा. परिचारिकेची नोकरी फार तर पस्तीस-छत्तीस वर्षांची. म्हणजे २०१५ साली तिची कूस बदलणाऱ्या बहुतेकींनी तिला कधी हिंडताफिरताना पाहिलं नव्हतं. कित्येकींचा जन्मही १९७३ नंतरचा. तरीही ती ‘आपली’ होती. भावना आपोआप एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जात नाही. नवी तुकडी आली की तिची ओळख करून दिली जाई, तिची काळजी वॉर्डाच्या रोजच्या कामात गुंफलेली होती, आणि अधिसेविका बदलल्या तरी तो शिरस्ता बदलला नाही. शय्याव्रण न होणं हे तर नुसत्या मायेने जमतच नाही. ठरलेल्या वेळी, न चुकता, सणासुदीलाही कूस बदलावी लागते. म्हणजे पुन्हा ड्युटी लिस्ट आणि ओव्हर.

या गोष्टीला गौरवाचा मुलामा देताना तिचं मूळ विसरता येत नाही. परिचारिका जिथे काम करते ती जागाच तिच्यासाठी सुरक्षित नव्हती. कपडे बदलायला धड खोली आहे का, रात्री स्वच्छतागृहाच्या वाटेवर दिवा आहे का, हे प्रश्न मेट्रनने लावून धरायचे असतात.

परिचारिकेच्या बाजूने उभं राहण्याचा मराठीतला एक जुना प्रसंग रमाबाई रानडे यांच्या चरित्रात सांगितला जातो. पुण्याचं सेवासदन १९०९ सालचं. परिचर्येचं काम त्या काळी हलकं मानलं जाई. सेवासदनने त्यात मुली आणि विधवा बायका आणल्या, त्यांना ससूनमध्ये शिकायला पाठवलं. एका समारंभात परिचर्येतलं बक्षीस घ्यायला एक विधवा विद्यार्थिनी मंचावर आली. केशवपन केलेलं, अंगावर लाल आलवण. सज्जातल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई समारोपाला उठल्या आणि त्यांनी त्या तरुणांना भर सभेत असं सुनावलं की सभागृह चिडीचूप झालं. तिथे हजर असलेल्या बाकीच्या विद्यार्थिनींना त्या दिवशी काय कळलं असेल याची कल्पना करता येते.

आपलेपणाला आणखी एक अडथळा असतो तो पाण्याच्या माठापाशी आणि चहाच्या कपापाशी. महाडच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. सार्वजनिक पाण्यावर कुणाचा हक्क, हा प्रश्न २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन देशापुढे मांडला, तो याच गावात. आजच्या ड्युटी रूममध्ये पाटी लावून कुणी कुणाला अडवत नाही. तरी मावशींचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असू शकतो. स्टाफ खुर्चीवर आणि मावशी पायरीवर चहा पीत असू शकतात. जामखेडला १९७० साली काम सुरू केलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी वेगवेगळ्या जातींच्या, बहुतेक निरक्षर ग्रामीण बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. शिकलेल्या परिचारिकेला खेड्यात नेमण्याचा आधीचा प्रयोग जमला नव्हता, म्हणून हा मार्ग निघाला. तिथे परिचारिकांना आपलं ज्ञान अक्षर न येणाऱ्या बाईसोबत एका सतरंजीवर बसून वाटावं लागलं. हे काम १९७९ च्या मॅगसेसे पुरस्कारापर्यंत पोचलं, आणि त्याची सुरुवात बसण्याच्या जागेपासून झाली होती.

नव्या काळाने नव्या भिंती घातल्या आहेत. कायम आणि कंत्राटी ही त्यातली सर्वांत उंच. तोच वॉर्ड, तेच काम, पगार मात्र निराळा आणि करार दर वर्षी नवा. मे २०२२ च्या अखेरीस राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या त्यामागे बाह्यस्रोतांतून भरतीचा मुद्दा होता. हा प्रश्न कुठल्याही इनचार्जच्या शैलीने सुटणारा नाही. तो मंत्रालयात सुटायचा आहे. तिच्या हातात एवढंच असतं: अवघड नाइट कुणाला पडतात, प्रशिक्षणाला कुणाचं नाव जातं, आणि चूक झाली की संशय आधी कुणावर जातो. तिन्हींचं उत्तर दर वेळी ‘कंत्राटी’ येत असेल, तर तिथे गोड बोलण्याचा काही उपयोग होत नाही.

आपलेपणाची एक काळी बाजूही नोंदवायला हवी. ट्रेसी लेवेट-जोन्स आणि जुडिथ लॅथलीन यांनी ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधल्या परिचर्येच्या विद्यार्थ्यांशी बोलून केलेल्या अभ्यासात दिसलं की, वॉर्डात सामावून घेतलं जावं म्हणून ही मुलं चुकीच्या पद्धतीही निमूट स्वीकारत. हातमोजे न घालण्याची तिथली रीत असेल तर तीही. ‘आमच्याकडे असंच करतात’ हे वाक्य कोणत्याही भाषेत सारखंच वजनदार असतं. घट्ट चमू सुखाचा असतो, पण तो इतका घट्ट होऊ शकतो की शिरायला फट राहत नाही. वीस वर्षं एकत्र असलेल्या चौघी जणी, त्यांचा डबा, त्यांचे विनोद, आणि दारात उभी असलेली, विदर्भातून पहिल्यांदाच कोकणात नेमणूक मिळालेली पाचवी. तिच्या कानावर दिवसभर ‘आम्ही’ पडत राहतं.

आणि कधी कधी वरचं कुणीच जवळ नसतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात हल्लेखोर शिरले तेव्हा प्रसूतिपूर्व वॉर्डात अंजली कुलथे ड्युटीवर होत्या. पदाने त्या परिचारिका, मेट्रन नव्हेत. त्यांनी दारं लावली, वीस गर्भवती बायकांना लहानशा पॅन्ट्रीत हलवलं, त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्यावर भिंतीच्या आडोशाने प्रसूतिगृहात पोचवलं. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे ही हकीकत सांगितली. अशा रात्री हुकमाची वाट बघायची सवय जडलेली माणसं काय करतील हे लेविनच्या मुखवट्यांच्या प्रयोगातून ओळखता येतं.

पोलादपूरसारख्या ठिकाणी अशा रात्री येतच राहतात. एका अंगाला कशेडी घाट, दुसऱ्या अंगाला आंबेनळी. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस आंबेनळीच्या दरीत कोसळली. एक जण सोडून बसमधले सगळे गेले. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला महाड पुराखाली असताना तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गाडली गेली. जिल्हा रुग्णालय अलिबागला, शंभराहून अधिक किलोमीटरवर. ग्रामीण रुग्णालय म्हणजे सरकारी हिशोबाने तीस खाटा आणि बोटांवर मोजण्याइतक्या परिचारिका. रस्ता तुटला की बदली माणूस येत नाही; पाळी संपली तरी घरी जाता येत नाही.

समजा, ऑक्टोबरातली एक रात्र आहे. भातकापणी चालू आहे, पेंढ्या उचलताना एका पोराला विंचू चावला आहे, आणि ग्रामीण रुग्णालयात ती पाचवी सिस्टर नाइटला आहे. मावशी पोराच्या पायावर हात ठेवून म्हणते, ‘सिस्टर, अजून गारच आहेत हो.’ मावशीचं निरीक्षण ऐकून घ्यायची या वॉर्डाला सवय आहे. सिस्टर उठते, नाडी मोजते, फोन लावते. डॉक्टर येतात. पहाटे पुढची गोळी जाते. सकाळी इनचार्ज ओव्हर घ्यायला येते, खाटेपाशी उभी राहते, पोराचं नाव विचारते. सिस्टर नाडी सांगते, दाब सांगते, गोळ्यांच्या वेळा सांगते, तीन वाजता फोन कुणाच्या सांगण्यावरून केला तेही सांगते. मग चादर थोडी वर करून म्हणते, ‘हात लावून बघा. आपल्या पेशंटचे पाय गरम झालेत.’